एंडेव्हरची वाट पाहण्यात काय होते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नासाच्या ऑपर्च्युनिटी या मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीच्या, म्हणजे रोव्हरच्या, एंडेव्हर विवरापर्यंतच्या प्रवासावर मी जो लेख लिहिला, त्यावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. तिचा सूर कडक असला तरी आपण लेख नीट वाचला आहे हे तिच्यातून कळते, म्हणून उत्तरही तितकेच सविस्तर देतो.

आपले आक्षेप मला समजले ते असे. सप्टेंबर २००८ ते ऑगस्ट २०११ ही जवळजवळ तीन वर्षे रोव्हरने सपाट वाळूतून नुसती गाडी हाकण्यात घालवली. विवराच्या काठावर चिकणमातीची खनिजे आहेत हे कक्षेत फिरणाऱ्या यानाने आधीच सांगितलेले असल्यामुळे तेथे पोहोचण्यात नवे काही नव्हते. घरी बसून आयती आलेली छायाचित्रे जोडणाऱ्या हौशी मंडळींना मी नको तेवढा मोठेपणा दिला, आणि त्यांच्या वाट पाहण्याला वारीची उपमा दिली ती तर अस्थानीच होती. शिवाय १२ किलोमीटरच्या वाटेला २१ किलोमीटर कसे लागतात, असा हिशेबाचा प्रश्नही आपण विचारला आहे.

हिशेबापासून सुरुवात करतो, कारण तेथे दोष माझा आहे. १२ किलोमीटर हे व्हिक्टोरिया, म्हणजे रोव्हर जेथून निघाला त्या विवरापासून एंडेव्हरपर्यंतचे सरळ रेषेतील अंतर. २१ किलोमीटर हे चाकांनी प्रत्यक्ष कापलेले अंतर. हे दोन्ही आकडे मी एकाच वाक्यात, खुलासा न करता लिहिले, त्यामुळे गोंधळ झाला. वाट इतकी वाढण्याचे कारण मात्र साधे आहे. रोव्हर ज्यावर फिरत होता ते मेरिडियानीचे मैदान दुरून सपाट दिसत असले तरी त्यावर वाऱ्याने नांगरट केल्यासारखे सरी-वरंबे आहेत, आणि त्यांतील मोठे वरंबे भुसभुशीत असतात. एप्रिल २००५ मध्ये अशाच एका वरंब्यात रोव्हरची सहाही चाके रुतली होती आणि त्याला बाहेर काढायला जूनचा पहिला आठवडा उजाडला. त्या वरंब्याला पुढे ‘पर्गेटरी’ असे नाव पडले. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे चालकांनी एंडेव्हरकडे सरळ न जाता मोठ्या वरंब्यांच्या पट्ट्याला लांबून वळसा घातला. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य आक्षेप. आपल्या मांडणीत कालक्रम उलटा झाला आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तेथेच आहे. एंडेव्हरकडे जाण्याचा निर्णय सप्टेंबर २००८ मध्ये जाहीर झाला. तेव्हा आकर्षण होते ते विवराच्या आकाराचे: व्यास २२ किलोमीटर, म्हणजे त्याआधी रोव्हरने पाहिलेले सर्वांत मोठे विवर जे व्हिक्टोरिया, त्याच्या पंचवीसपटींहून अधिक. जितके मोठे विवर, तितके खालचे आणि जुने खडक वर येण्याची शक्यता, एवढाच तर्क होता. मंगळाभोवतीच्या कक्षेतील मार्स रिकॉनिसन्स ऑर्बायटर या यानावरील वर्णपटमापकाने, म्हणजे परावर्तित प्रकाशावरून खनिजे ओळखणाऱ्या उपकरणाने, काठावर चिकणमातीची खनिजे ओळखल्याचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे रोव्हर वाटेला लागल्यानंतर. निघताना जे ठिकाण केवळ मोठे म्हणून निवडले होते, ते वाटेत असताना महत्त्वाचे ठरले. वाट पाहणाऱ्यांची उत्सुकता दुसऱ्या वर्षी एकदम वाढली ती यामुळे.

या खनिजांचे एवढे महत्त्व का, हे मी लेखात गृहीत धरले होते; तेही चुकलेच. २००४ मध्ये ईगल या अवघ्या २२ मीटरच्या विवरात उतरल्यापासून ऑपर्च्युनिटीला पाण्याचे जे पुरावे मिळाले, ते सगळे आम्लधर्मी पाण्याचे होते. तेथील जॅरोसाइट हे खनिज तशाच पाण्यात तयार होते. त्या पाण्यात सजीवांना तग धरणे अवघड गेले असते. चिकणमातीची खनिजे मात्र बहुधा आम्लता नसलेल्या, पिण्याच्या पाण्याच्या जवळ जाणाऱ्या पाण्यात बनतात, आणि एंडेव्हरच्या काठाचे खडक मैदानाच्या थरांपेक्षा जुने आहेत. म्हणजे साडेचार वर्षे ज्या पाण्याचा अभ्यास झाला, त्याच्याही आधीच्या वेगळ्या पाण्याकडे ही गाडी निघाली होती.

“कक्षेतून दिसलेच होते, मग जायचे कशाला?” असे आपण विचारता. त्या वर्णपटमापकाच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे १८ मीटर बाजूचा चौकोन. एवढ्या चौकोनात कोठेतरी चिकणमाती आहे, इतकेच वरून कळते. ती कोणत्या खडकात आहे, थर आहे की भेगेत साठलेली आहे, हे कळत नाही. रोव्हर पोहोचल्यावर नोव्हेंबर २०११ मध्ये ‘होमस्टेक’ नावाची एक फिकट शीर सापडली. अंगठ्याएवढी रुंद, जेमतेम अर्धा मीटर लांब, आणि बहुतांशी जिप्सम या पाण्यातून साठणाऱ्या खनिजाची. खडकाच्या भेगेतून पाणी वाहिल्याचा याहून थेट पुरावा त्या मोहिमेत तोपर्यंत मिळाला नव्हता. १८ मीटरच्या ठिपक्यात अंगठ्याएवढी शीर दिसण्याची शक्यता किती, हे आपणच ठरवावे.

ती तीन वर्षे नुसती गाडी हाकण्यात गेली, हेही मला पटत नाही. २००९ च्या जुलैमध्ये रोव्हर पुढे निघून गेल्यावर, मागे राहिलेल्या एका गडद दगडाकडे छायाचित्रांत लक्ष गेले आणि गाडी मागे वळवण्यात आली. तो ‘ब्लॉक आयलंड’ हा लोह-निकेलचा अशनी निघाला. २०१० च्या आरंभी कॉन्सेप्सिओन हे अगदी कोवळे विवर पाहून झाले, आणि त्या वर्षाअखेरीस सांता मारिया या सुमारे ९० मीटरच्या विवरापाशी रोव्हर तीन महिने थांबला. घाई असती तर हे थांबे झाले नसते. तरी एवढे मान्य करतो की यांखेरीजचे बहुसंख्य दिवस वाळू, वरंबे आणि पुन्हा वाळू असेच होते, आणि माझ्या लेखात ते कंटाळवाणे दिवस जितके यायला हवे होते तितके आले नाहीत.

कारण मुळात वाट पाहण्यातला ताण त्याच दिवसांत होता. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेले हे यंत्र निघाले तेव्हाच साडेचार वर्षांचे झालेले होते. उजव्या पुढच्या चाकाला वळवणारी मोटर २००५ पासून अडकलेली होती. त्याच चाकाला जास्त वीज लागू लागल्यामुळे बराचसा प्रवास उलट्या दिशेने, म्हणजे पाठमोरे होऊन करावा लागला. यंत्रहाताचा खांद्याचा सांधा दगा देईल या भीतीने तो हात दुमडून न ठेवता पुढे धरूनच गाडी चालत होती. मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स यांनी आपण कदाचित तेथे पोहोचणारही नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले होते. त्यात मे २००९ मध्ये मंगळाच्या दुसऱ्या बाजूला स्पिरिट हा जुळा रोव्हर वाळूत रुतला, २२ मार्च २०१० नंतर त्याचा संदेश आला नाही, आणि मे २०११ मध्ये त्याला हाका मारणेही थांबवण्यात आले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऑपर्च्युनिटी एंडेव्हरच्या काठावरील ज्या टोकाला लागला, त्याला ‘स्पिरिट पॉइंट’ हे नाव दिलेले होते.

हौशी मंडळींविषयी. रोव्हर कोठे जाणार हे त्यांनी ठरवले नाही, आणि तसा दावा लेखात असल्याचे वाटत असेल तर तो मी मागे घेतो. परंतु ‘आयती छायाचित्रे’ हा शब्द मला खटकला. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने २००४ पासून दोन्ही रोव्हरांची कच्ची छायाचित्रे आल्याबरोबर सर्वांसाठी खुली केली. कच्ची म्हणजे खरोखरच कच्ची: करडी, तुकड्यातुकड्यांची, कॅमेऱ्याच्या प्रत्येक रंगगाळणीतून वेगळी घेतलेली. त्यांतून रंग जुळवणे, तुकडे सांधून क्षितिज उभे करणे, कक्षेतील कॅमेऱ्याच्या नकाशावर रोजची जागा टिपणे, ही कामे अनेक देशांतील लोकांनी नोकरीधंदा सांभाळून केली. त्यांत मोजमाप होते.

एक उदाहरण देतो, जे लेखात द्यायचे राहून गेले. रोव्हरच्या मुख्य कॅमेऱ्याची उंची सुमारे दीड मीटर आणि मंगळाची त्रिज्या ३,३९० किलोमीटर धरली, तर सपाट जमिनीवरचे क्षितिज जेमतेम ३.२ किलोमीटरवर येते. १२ किलोमीटर दूरच्या टेकडीचा तळाकडचा ११ मीटरांहून थोडा अधिक भाग क्षितिजाखाली झाकला जातो. त्याहून उंच असेल तेवढेच डोके वर काढते. मार्च २००९ मध्ये एंडेव्हरचा काठ छायाचित्रांत प्रथम दिसला तेव्हा क्षितिजावर केवळ एक बारीक फुगवटा होता. तो दिसावा म्हणून लोक चित्र उभ्या दिशेने ताणत, आणि नकाशातील कोणती टेकडी ती हे कोनांवरून ठरवत. केप यॉर्क, म्हणजे जेथे रोव्हर शेवटी टेकला तो काठाचा तुकडा, इतका बुटका की तो या खेळात फार उशिरापर्यंत आलाच नाही. दिसत होत्या त्या त्याच्या मागच्या उंच टेकड्या.

आपण लिहिता की काठावर पोहोचल्यावर दृश्य निराशाजनक होते. खरे आहे. व्हिक्टोरियाच्या काठावर २००६ मध्ये एकाएकी सरळसोट कडे आणि सत्तर मीटर खोल तळ समोर आला होता. एंडेव्हर फार जुने, झिजलेले, मैदानाच्या थरांखाली अर्धे गाडले गेलेले विवर. तेथे कडा नव्हता, होता तो एक उतार आणि पलीकडे धुळीत विरलेल्या टेकड्या. ज्यांना दृश्य हवे होते ते हिरमुसले. ज्यांना खडक हवे होते त्यांना काही दिवसांतच ‘टिस्डेल २’ हा दगड मिळाला, ज्यात जस्ताचे प्रमाण आधीच्या कोणत्याही खडकाहून जास्त निघाले. खडकांतून कधीकाळी गरम पाणी फिरल्याची ती खूण मानली गेली. गंमत अशी, की ज्या चिकणमातीसाठी एवढी वाट पाहिली ती त्या टोकाला नव्हतीच. ती केप यॉर्कच्या आतल्या बाजूला, मॅटिजेव्हिक हिल येथे, एक मंगळावरचा हिवाळा काढून २०१२ मध्ये हाती लागली.

लोणार सोडून परग्रहावरच्या खड्ड्याचे कौतुक कशाला, असेही आपण जाता जाता म्हटले आहे. लोणारच्या काठावर उभा राहिलो होतो, म्हणूनच मला २२ किलोमीटर या आकड्याचा अर्थ लागला: लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे तशी बारा विवरे एका ओळीत मांडावी लागतील. आणि बेसॉल्ट खडकातील आघात-विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात; तेव्हा ही दोन कौतुके परस्परविरोधी नाहीत.

राहिली वारी. वारकरी स्वतः चालतो आणि ही मंडळी खुर्चीत बसून होती, हे आपले म्हणणे बिनतोड आहे. शिवाय पंढरीला विठोबा उभा आहे याची वारकऱ्याला शंका नसते. एंडेव्हरला काय उभे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यापेक्षा जवळची गोष्ट आमच्या घरातली आहे. कोणी पुण्याहून एसटीने नाशिकला यायला निघाले की आजी घड्याळाकडे पाहून “आता नारायणगाव गेले असेल, आता आळेफाटा” असे मोजत बसायची. ती कोठे जात नसे, गाडीही तिच्या हाती नसे, पण संगमनेरला गाडी बंद पडली असेल का ही तिची काळजी खरी असायची, आणि तिचा अंदाज सहसा पाच-दहा मिनिटांच्या आत येई. लेखातील वारीचे वाक्य मी काढलेले नाही. त्याखाली आपला आक्षेप जोडला आहे.