उन्हाळ्यातलं अंडं बारीकच असणार, ताई!

मे महिना लागला की अंड्यांच्या गिऱ्हाइकांचे मेसेज ठरलेले. अंडी बारीक का, कवच पातळ का, बलक फिका का, आणि एवढं असून दर वर का? शेवटी आडून आडून खरा प्रश्न: गावरानच आहेत ना नक्की?

आहेत. खटाव तालुक्यात आमच्या वस्तीवर, चिंचेखाली धापा टाकत बसलेल्या कोंबड्यांचीच आहेत. उलट भर वैशाखात कुणाकडे पाहिजे तेवढी टपोरी, केशरी बलकाची अंडी मिळत असतील तर चौकशी तिथं करा.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं, त्यात बाहेर चाळीस. मग पंख अंगापासून सुटे करून, चोच उघडी टाकून ती पडून राहते. दाण्याकडे बघत नाही, पाणी मात्र सारखं पिते. खाणं घटलं की अंडी कमी, आणि जी येतात ती बारीक. धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा चुना नीट बनत नाही, म्हणून कवच पातळ. यात फसवाफसवी काही नाही.

बलकाचा रंग खाण्यातून येतो. पावसाळ्यात बांधभर हिरवं गवत आणि किडे असतात, आता बांध करपलाय. वाफ्यातला तांदुळजा, शेवग्याचा पाला मी टाकते, पण त्यानं कितीसं भागणार? आणि तपकिरी कवच म्हणजे गावरान, हेही डोक्यातून काढा. तो रंग जातीवर असतो. पिंजऱ्यातल्या काही जातीही तपकिरीच अंडी देतात.

आमचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. ऊन चढण्याआधी कोंबड्यांचं खाणं उरकायचं. भर दुपारी पोटात दाणे गेले तर अंग आणखी तापतं. मग मातीची परळं सावलीला भरून ठेवायची, दुपारी पुन्हा गार पाणी घालायचं, खुराड्यावर ओलं पोतं टाकायचं. तेवढ्यात विहिरीवरची मोटर चालू असेपर्यंत गवार, भेंडी, दोडक्याला पाणी. काकडीला एक पाळी चुकली की कडू होते. आळू तेवढा न्हाणीच्या पाण्यावर बिनबोभाट वाढतो.

वाफ्यांवर उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते, पण पाचटाखाली गारवा आणि किडे असतात हे कोंबड्यांना आपल्याआधी कळतं! पाठ फिरली की वाफा उकरून त्या मातीत लोळतात. म्हणून भोवतीनं सासूबाईंच्या जुन्या नऊवारी बांधल्यात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे लग्नाचा मांडव पडलाय.

अंडी सांभाळणं हा वेगळाच व्याप. आमच्याकडे कोंबडा आहे, त्यामुळे बहुतेक अंडी फळलेली. या उकाड्यात ती उघड्यावर राहिली तर आत जीव धरायला लागतो आणि अंडं गंदं होतं. ती रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूवर ठेवते आणि देण्याआधी पाण्यात सोडून बघते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, शिळं उभं राहतं. उभं राहिलेलं मी विकत नाही. शंका आली तर घरी तुम्हीही हेच करून बघा.

आता दराचं. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या वर. त्यात देशी मध्येच खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की तिचं दुकान बंद. उन्हाळ्यात लोक ‘अंडी उष्ण’ म्हणून खात नाहीत, मग पिंजऱ्यातल्या अंड्यांचा दर बऱ्याचदा उतरतो. नेमकं तेव्हाच माझ्याकडची अंडी आटलेली असतात, आणि लोक म्हणतात, ‘दुकानात स्वस्त झाली, तुमची का नाही?’ दुकानातून घ्या की, माझी काही हरकत नाही. पण माझ्या कोंबडीनं बारा महिने एकसारखं अंडं घालावं आणि तेही त्या दरात, हा हट्ट मला मान्य नाही. हापूस जानेवारीत मागत नाही ना आपण?

तर या आठवड्यात अंडी थोडीच आहेत. घरात लहान लेकरं किंवा बाळंतीण आहे त्यांना आधी, बाकीच्यांनी थांबा. शेवगा मात्र भरपूर लागलाय. शनिवारी गाडी पुण्याला येतेय, शेंगा हव्या असतील तर शुक्रवार दुपारपर्यंत कळवा. आणि मागच्या वेळचे अंड्यांचे ट्रे परत पाठवा बाई, इथं ठेवायला एकही उरला नाही.