ओळख नसलेल्याने कॅज्युअल्टीत काय करायचं?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने यादी टाकली. कोणत्या हॉस्पिटलात कोणाची ओळख आहे, रात्री-बेरात्री कोणाला फोन लावायचा. खाली धडाधड अंगठे आणि जोडलेले हात. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना रात्री नाशिकच्या सिडकोतून रिक्षात घालून नेलं. छातीत भरून आलेलं, शर्ट घामाने ओलाचिंब. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, उद्या फॉलोअपला तिथेच जायचंय. खिडकीवरचा पहिला प्रश्न, "केस पेपर काढला का?" मग आधार कार्ड. मग मेडिक्लेम. काका बाकावर डोळे मिटून बसलेले आणि काकू दिसेल त्या पांढऱ्या कोटामागे, "अहो डॉक्टर, यांना जरा बघा ना." तेवढ्यात पाय मुरगळलेला एक पोरगा आला, मागोमाग कुठल्यातरी साहेबांचा फोन आला, आणि पोरगा आत!

छातीत दुखणारा पेशंट आला की 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. कुठल्याही डॉक्टरला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल. इमर्जन्सीत उपचार आधी, बाकी सोपस्कार नंतर, असं सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात बजावलंय. खिडकीपर्यंत ते पोहोचलेलंच नाही.

थांबायला कोण नाही म्हणतंय? माझा ताप असेल तर मला तीन तास बसवा. पण दारातच एका नर्सने नाडी, बीपी, ऑक्सिजन बघून कोण किती गंभीर, लाल, पिवळा की हिरवा, ते ठरवावं. यालाच ट्रायेज म्हणतात. आणि पिवळ्याला सांगावं, की बाबा, एवढा वेळ लागेल, त्रास वाढला तर हाक मार. यात कुठलं मोठं मशीन लागतं?

हो, मान्य, गर्दी प्रचंड असते. पेठ-सुरगाण्याचा सर्पदंश, हायवेवरचा अपघात, सगळं नाशिकच्याच गळ्यात. ओपीडी बंद म्हणून सर्दी-खोकलेवालेही तिथेच.

शेवटी काकांकडे आली ती एक तरुण डॉक्टर. डोळे तारवटलेले. कोणाचा तरी भाऊ तिच्या तोंडासमोर बोट नाचवत होता, तरी तिने शांतपणे काकांचा ईसीजी काढला, पट्टी बघितली आणि पळत फोनकडे गेली. पुढे स्टेंट पडला, काका आता बरे आहेत. त्या पोरीवर माझा काडीचाही राग नाही. डॉक्टरवर हात उगारणाऱ्यांनी तर या पोस्टखाली येऊच नये.

पण एवढ्या मोठ्या हॉलला रात्री ती एकटी, हे कोणी ठरवलं? 2027 च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते, घाट, पूल यांच्या बैठका रोज पेपरात वाचतोय. कॅज्युअल्टीच्या दारातल्या त्या नर्सचा विषय एकदा तरी निघाला का? लाखो लोक येणार आहेत, त्यांची इथे कोणाशी ओळख असणार?

तुमच्यापैकी कोणाला नाशिकमध्ये केस पेपरच्या आधी बीपी बघणारं हॉस्पिटल भेटलं असेल, तर कमेंटमध्ये नाव टाका. सरकारी असो की खासगी. पुढच्या वेळी रिक्षा तिकडेच वळवतो.