शेजारी देशांशी व्यापार करायचा तर रातोरात बंदी घालणं सोडावं लागेल

७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातबंदीचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. लाल कांद्याचा हंगाम भरात होता. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत साठवून ठेवता येत नाही. काढला की मिळेल त्या भावाने द्यावाच लागतो. आणि तो घेणाऱ्यांत बांगलादेश आपलं फार मोठं गिऱ्हाईक.

२०१९ च्या बंदीनंतर तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उघडपणे म्हणाल्या होत्या की निदान आधी कळवत जा. मला हे मागणं अगदी रास्त वाटतं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा बंदी आली. ढाक्याचे व्यापारी तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तानकडे वळले. वळणारच. एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत जोडायला आपल्या निर्यातदारांना किती नाकदुऱ्या काढाव्या लागतात, हे पिंपळगावच्या कुठल्याही कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर विचारा.

कागदावर साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या सार्क गटाचा मुक्त व्यापार करार, २००६ पासून लागू आहे. तरी सार्क देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के, आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाचा २० टक्क्यांच्या वर. बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर आजही आपल्या ट्रकमधला माल सीमेपलीकडे उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरला जातो. नाशवंत मालाचे त्यात हाल होतात. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या चार देशांच्या वाहनांना एकमेकांकडे जाऊ देणारा करार २०१५ मध्ये झाला, पण भूतानने त्याला मंजुरी दिली नाही. लहान देशाला मोठ्यांच्या ट्रकची धास्ती वाटली, यात गैर काय?

अडचण आपल्या बाजूनेही आहे. निर्यात खुली हवी म्हणणारे आपणच बाहेरचा कांदा आला की रस्त्यावर उतरतो. बांगलादेशही स्वतःचा कांदा निघाला की आयात रोखतो आणि आपल्या द्राक्षांवर जबर शुल्क लावतो. त्यांच्याही शेतकऱ्याला घर चालवायचंय.

१९५१ मध्ये युरोपातल्या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचे निर्णय एका सामाईक संस्थेकडे सोपवले. मनात येईल तेव्हा दार लावायचा हक्क त्यांनी सोडला. आपल्याकडे तेवढं कुणी करणार नाही, मान्य. पण बंदी घालण्याआधी किमान दोन महिन्यांची सूचना, आणि सौदा होऊन गेलेल्या मालाला सूट, एवढं दोन्ही देशांनी लिहून द्यावं. आपल्या खासदारांनी कांद्याच्या अनुदानाइतकाच जोर या मागणीवर लावला पाहिजे.