त्याच तोंडाने
ख्रिसमसच्या दिवसांत जीभ सांभाळा असं एका लेखात वाचलं, ते अगदी पटलं, कारण वर्षभर फोनवर गोड बोलणारे आपण सुट्टीत एका घरात जमलो की कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, जुनं भांडण सगळं उकरून काढतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 3ऱ्या अध्यायात तेच आहे ना, ज्या तोंडाने देवाची स्तुती त्याच तोंडाने माणसाला शाप. मागच्या ख्रिसमसला चर्चमधून कॅरल गाऊन आले आणि तासाभरात वहिनीला नको ते बोलले, खूप लागलं तिला. यंदा आधीच फोन करून माफी मागितली. आणि हो, नुसतं गप्प बसणं म्हणजे प्रेमाने बोलणं नाही, बायबलच्याच नीतिसूत्रे या पुस्तकात (15:1) सौम्य उत्तराने राग शांत होतो असं म्हटलंय, म्हणजे उत्तर द्यायचंच, फक्त आवाज न चढवता.