उत्तर आधीच लिहिलंय, मग ऑर्डर काढायची कशाला?

केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये पहिल्याच ओळीत लिहायचं, 'उद्देश: मिथाइल ॲसिटेटच्या हायड्रोलिसिसची ऑर्डर 1 आहे हे पडताळणे.' (एस्टरचं प्रमाण दुप्पट केलं की त्याचं पाण्याने तुटणंही, म्हणजे हायड्रोलिसिसही, दुप्पट वेगाने होतं, म्हणून ऑर्डर 1.) झालं की मग! निकाल आधीच लागलाय, तर आम्ही तासभर ब्युरेटपुढे उभं राहून काय उपटतोय?

आणि पडताळणार तरी कसं? 100 मिली अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात 5 मिली एस्टर (म्हणजे हेच मिथाइल ॲसिटेट), दर दहा मिनिटांनी 5 मिली पिपेटने काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि 0.2 नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करायचं, म्हणजे एस्टर तुटून किती ॲसिड झालं ते कळतं. असं तासभर, कारण तासाने पुढची बॅच दाराशी उभी असते. आता ही अभिक्रिया 25 अंशांना अर्धी व्हायलाच तीन तासांच्या वर लागतात. म्हणजे आम्ही ग्राफ काढायला बसतो तेव्हा जेमतेम वीस टक्के एस्टर संपलेला असतो. उरलेल्या एस्टरचं कॉन्सन्ट्रेशन c धरलं, तर फर्स्ट ऑर्डरला c च्या लॉगचा ग्राफ सरळ यायला हवा, सेकंड ऑर्डरला 1/c चा. पण एवढ्याशा तुकड्यात लॉग काढा, 1/c काढा, नाहीतर काहीच न करता नुसतं कॉन्सन्ट्रेशन टाका, रेषा सरळच येते!

विश्वास नसेल तर आकडे मांडून बघा. पूर्ण अभिक्रियेत रीडिंग साधारण 15 मिलीने वाढतं. पहिलं आणि वीस टक्क्यांचं रीडिंग पक्कं धरलं, तर मधल्या रीडिंगला फर्स्ट आणि सेकंड ऑर्डरमध्ये फरक पडतो सुमारे 0.08 मिलीचा. ब्युरेटवरचा एक बारीक भाग असतो 0.1 मिलीचा. एका थेंबाच्या आसपासच्या फरकावर आम्ही ऑर्डर 'सिद्ध' करतो, आणि वर लाल शाईत 'गुड'.

तो थेंब तरी धड मिळतो का? फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग येतो, तुम्ही मान वळवून रीडिंग बघता, तोवर गायब. कारण उरलेला एस्टर कॉस्टिक खात बसतो. म्हणून आणखी एक थेंब. मग आणखी एक. म्हणून तर बर्फ हवा, पण बॅचमधल्या तिसऱ्या-चौथ्या रीडिंगपर्यंत बर्फाचं कोमट पाणी झालेलं असतं. थर्मोस्टॅट कपाटात कुलूपबंद. दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर k (अभिक्रियेच्या वेगाचा स्थिरांक) एक, भिंतीजवळच्या टेबलावर दुसराच.

इन्फिनिटी रीडिंगबद्दल तर बोलूच नका. अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं हे रीडिंग प्रत्येक पॉइंटच्या लॉगमध्ये शिरतं, ते चुकलं की सरळ रेषा वाकते. आमच्याकडे ते फळ्यावर लिहिलेलं असतं. कुठल्या बॅचचं, कुठल्या दिवसाचं, देव जाणे. गुगेनहाइमने 1926 मध्येच इन्फिनिटी रीडिंग न घेता k काढायची पद्धत दिली, पण ती वापरायला अभिक्रिया फर्स्ट ऑर्डर आहे हे आधी धरावंच लागतं. फिरून भोपळे चौकात.

एखादा पॉइंट रेषेबाहेर गेला की सर येऊन म्हणतात, "अगं, हे रीडिंग बघ जरा परत." परत काय बघू, ते फ्लास्कमधलं कधीच बेसिनमध्ये गेलं! 'बघ' म्हणजे 'बदल', हे पहिल्या वर्षालाही कळतं. मग सीनियरच्या जर्नलमधला k घ्यायचा, उलटं गणित करून रीडिंग पाडायची, दोन-तीन आकडे मुद्दाम थोडे हलवायचे, म्हणजे एक्सटर्नल परीक्षकांना खरी वाटतील. ज्याने प्रामाणिकपणे वाकडा ग्राफ चिकटवला, त्याची व्हायवात सालटी काढतात.

तीन अर्धआयुष्यं होईपर्यंत, म्हणजे एस्टर तीनदा निम्मा होईपर्यंत, थांबू द्या, म्हणजे 1/c चे आकडे 1, 2, 4, 8 असे उसळतात आणि लॉगचा ग्राफ निमूट सरळ राहतो. कुणालाही दिसेल. तेवढा वेळ नसेल तर पोटॅशियम आयोडाइड आणि परसल्फेटचा प्रयोग द्या. ठरावीक थायोसल्फेट (ते संपेपर्यंत निळा रंग येत नाही) आणि स्टार्च घाला, निळा रंग यायला किती सेकंद लागतात ते मोजा, आयोडाइड दुप्पट करा, वेळ निम्मा होतो का बघा. मग परसल्फेटचं तेच. काही मिनिटांत दोन्हींची ऑर्डर हातात, आणि उत्तर आधी माहीत असायची गरजही नाही.

हा प्रयोग आमच्या यादीत आहे बरं का. पण तो एकाच कॉन्सन्ट्रेशनला करून घेतात. आणि उद्देशात ऑर्डर छापलेली असते.