मीटर पहाटे पाचला बुडवा: हिरव्या पाण्याच्या कौतुकाला उत्तर

उजनी धरणाच्या पाण्यावर हिरवी साय धरली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: ‘शेवाळ प्राणवायू देतं, सांडपाण्यातलं खत माशांना पोसतं, मासे मेले तर कुणीतरी विष सोडलं असणार, आणि एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) उभे राहिले की प्रश्न मिटला.’ चारही विधानांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती खपतात.

शेवाळ प्राणवायू देतं, पण ऊन असेपर्यंतच. रात्री तेही माशांसारखाच तो ओढतं. ३० अंशांच्या पाण्यात हवेतला प्राणवायू लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मुरतो. दाट शेवाळात दुपारी आकडा याच्या वर चढतो, पहाटे दोनच्याही खाली येतो; तीनच्या खाली रोहू-कटला वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. त्यामुळे दुपारी बाराच्या नमुन्यावरचं ‘पाणी उत्तम’ हे प्रमाणपत्र बिनकामाचं. प्राणवायूचं मीटर बुडवायचं तर सूर्योदयाआधी, पृष्ठभागाशी आणि तळाजवळ, दोन्हीकडे. त्यातून शेवाळ मेलं की आणखी वाईट: १ ग्रॅम फॉस्फरसवर वाढलेलं शेवाळ कुजायला सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू लागतो. शेवाळ मारायला सगळ्या तळ्यात एकदम मोरचूद टाकणारे हेच संकट ओढवून घेतात.

खताचं म्हणाल, तर मत्स्यतळ्यात ते मापून घालतात. पाण्यात सोडलेली २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी ३०-४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली तर ठीक. २०वरच दिसेनाशी झाली तर खत बंद. सांडपाण्याला असा हात आवरणारा कुणी नसतो. शिवाय त्यावर माजतं ते बहुधा मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शेवाळ. त्याचे पुंजके बारीक जलजीवांना खाता येत नाहीत आणि त्याचं विष पाणी उकळूनही जात नाही. चिलापी (तिलापिया मासा) कमी प्राणवायूत तगते, म्हणून जाळं भरलेलं दिसतं. पण त्यावरून बाकीच्या जातींचं काय झालं ते कळत नाही.

विषाची शंका दरवेळी खोटी नसते. मात्र मृत्यू पहाटे, मोठे मासे आधी, तोंडं उघडी, ही खूण बहुधा गुदमरण्याची. आणखी एक गोम: शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) वाढतो. ३० अंशांना सामू ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा घातक भाग एक टक्काही नसतो, ९ला तो ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. नवं काहीच न सोडता तेच पाणी माशांना विषारी होतं.

राहिला एसटीपी. साधा प्रकल्प बीओडी (कुजणारी घाण किती प्राणवायू खाईल त्याचं माप) उतरवतो, शेवाळाला पोसणारा फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो. तो काढायला तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालून गाळ वेगळा करावा लागतो, नाहीतर त्यासाठी खास जैविक टप्पा लागतो. प्रकल्पाच्या अहवालात ‘एकूण फॉस्फरस’ हा रकाना आहे का, ते आधी पाहा.