जॅझ ट्रिओ क्लासिकलची वाट लावतात म्हणे

भाचीने पियानोवर स्वतःचं काहीतरी वाजवून बघणं बंद केलं, कारण कुणीतरी तिला तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवला. काय तर म्हणे जॅझ पियानो ट्रिओ (पियानो, बास आणि ड्रम्स) पाश्चात्त्य क्लासिकलची वाट लावतात, क्लासिकलमध्ये इम्प्रोव्हायझेशन (म्हणजे सुचेल ते तिथल्या तिथे वाजवणं) कधी नव्हतंच, नोटेशन (लिहिलेलं संगीत) वाचता न येणारे जॅझकडे वळतात, आणि बास-ड्रम्स नुसते ठेका धरायला असतात. सगळं ठोकून दिलेलं.

"कधी नव्हतंच" हे तर अतीच झालं. अहो, 1747 च्या मे महिन्यात जर्मनीत पॉट्सडॅमला प्रशियाचा राजा फ्रेडरिकने संगीतकार बाखला एक थीम (छोटी धून) दिली आणि त्याने तिथल्या तिथे तिच्यावर तीन आवाजांचा फ्यूग (एकच धून एकामागून एक शिरणाऱ्या स्वतंत्र सुरावटींत गुंफलेली रचना) वाजवला, तोही सिल्बरमान या कारागिराने बनवलेल्या पियानोवर. राजाला सहा आवाजांचा हवा होता, तर बाखने त्यासाठी स्वतःची थीम घेतली, आणि राजाच्या थीमवरचा सहा आवाजांचा नंतर सावकाश लिहून, छापून पाठवला. मोझार्टच्या डी मायनर पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) तर सोलिस्टला कडेन्झासाठी (ऑर्केस्ट्रा थांबतो आणि तो एकटा वाजवतो तो भाग) जागाच मोकळी सोडलीये, मोझार्टची स्वतःची कडेन्झा आपल्यापर्यंत आलेलीच नाही, बरेच पियानिस्ट बेथोवनची वाजवतात. मग सांगा बरं, तिथे 'लिहिलंय तस्संच' म्हणजे नक्की काय वाजवायचं?

आणि बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स काढून बघा ना. सुरुवातीचा आरिया (मूळ धून) 32 बारचा (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन), त्याच्याखालचा बास आणि हार्मनी धरून पुढे 30 व्हेरिएशन्स, वरची मेलडी बहुतेक वेळा गायबच. जॅझमध्ये कितीतरी स्टँडर्ड्स (सगळे वाजवतात ती ठरलेली गाणी) 32 बारचीच असतात, ट्रिओ त्याच कॉर्ड्सवरून फेऱ्या मारतो आणि दर फेरीत वर नवीन काहीतरी, फक्त बाखने ते कागदावर उतरवलं आणि हे तिथेच बनवतात. अर्थात त्याने तीस वेळा जे साधलंय ते स्टेजवर रोज साधत नाही, ते सोडा.

नोटेशनचं तर बोलूच नका. 1959 मध्ये बाखवर ट्रिओ काढणारा जॅझ पियानिस्ट झाक लूसिए पॅरिस कॉन्झर्व्हातोआर या संगीतशाळेचा. जॅझ पियानिस्ट कीथ जॅरेटने 1987 मध्ये बाखच्याच वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियरचा अख्खा पहिला भाग रेकॉर्ड केला, लिहिलाय तसाच, चोवीसच्या चोवीस प्रेल्यूड-फ्यूग.

बास-ड्रम्ससाठी बिल एव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बास) आणि पॉल मोशन (ड्रम्स) यांचं 25 जून 1961 चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं रेकॉर्डिंग लावा आणि फक्त बास ऐका. लाफारो बीट मोजत बसलेला नाहीये, पियानोला मध्येच तोडतो, उत्तर देतो, कधी वर चढून मेलडीच पळवतो.

एक मात्र मान्य करावं लागतं. ओळखीची क्लासिकल धून घ्यायची, खाली ड्रम्सवर ब्रशेसने स्विंगचा (जॅझचा झुलता ठेका) ताल लावायचा, दोन मिनिटं इकडेतिकडे फिरून परत धून, आणि याला फ्यूजन म्हणायचं, असे ट्रिओ भरपूर आहेत आणि कंटाळा आणतात. त्यांना खुशाल नावं ठेवा, मीही ठेवतो.